परक्या गावातील पहिले शब्द

परगावी निघालेल्या मुलाच्या हाती व्यापारी घरातील वडीलधारी माणसे दोन शिदोऱ्या देतात. एक डब्यात बांधलेली असते, दुसरी तोंडी. ‘स्टँडवर उतरलास की सरळ चालत राहा. दुसरा चौक आला की उजवीकडे वळ. पूल ओलांडू नकोस. पेढी सापडली नाही तर कोपऱ्यावरच्या दुकानात विचार.’ पहिली शिदोरी प्रवासात संपते. दुसरी पुढे कितीतरी वर्षे पुरते. चौक, पूल, कोपरा, डावे, उजवे, सरळ, अलीकडे, पलीकडे अशा दहापंधरा शब्दांच्या आधारावर माणूस अनोळखी गावात पहिले पाऊल टाकतो. व्यवहार, ओळख, पत हे सारे त्यानंतर येते.

सांगली-साताऱ्याच्या व्यापारी घरांचे परगाव एके काळी हुबळी, बेळगाव, सोलापूर, मुंबई एवढ्या टापूतले असे. आता एखाद्या घरातील मुलीच्या तिकिटावर बुडापेस्ट, डेब्रेसेन, सेगेद किंवा पेच हे नाव असू शकते. हंगेरी सरकारची ‘स्टिपेंडियम हंगारिकम’ ही शिष्यवृत्ती २०१३ साली सुरू झाली आणि तिच्यात भारतीय विद्यार्थ्यांनाही स्थान आहे. या चारही शहरांतील विद्यापीठांत वैद्यकीय शिक्षण इंग्रजीतून घेता येते. म्हणून घरातील मंडळी निश्चिंत असतात की भाषेचा प्रश्न नाही. परंतु वर्ग इंग्रजीत असला तरी रस्ता हंगेरियन भाषेत असतो. ट्रामच्या थांब्यावरील पाटी, भाजीवालीचे उत्तर, घरमालकिणीची सूचना इंग्रजीत येत नाही. वैद्यकीय विद्यार्थ्याला तर पुढे रुग्णांशी त्यांच्याच भाषेत बोलावे लागते आणि त्यासाठी हंगेरियनचा अभ्यासही करावा लागतो. त्या अभ्यासाची पहिली पायरी म्हणजे गावातील ठिकाणांची आणि दिशांची नावे.

हंगेरियन ही कठीण भाषा म्हणून ख्यात आहे. तिच्याभोवतीच्या जर्मन, रुमेनियन, स्लोव्हाक या भाषांशी तिचे कुळ जुळत नाही. तिचे दूरचे नाते फिनिश आणि एस्टोनियन या भाषांशी आहे. इंग्रजी बोलणाऱ्याला ती अवघड वाटते हे खरे. मराठी माणसासाठी मात्र या घराची काही दारे आधीपासूनच उघडी आहेत आणि ती कोणती हे निघण्यापूर्वी ठाऊक असलेले बरे.

कानाची तयारी

पहिले दार उच्चाराचे. मराठीत ‘च’ दोन आहेत: ‘चार’ मधला तालव्य आणि ‘चाक’ मधला दंततालव्य. लिहिताना दोघांना एकच अक्षर, पण बोलताना कोणी मराठी मूल चुकत नाही. हंगेरियनमध्येही हे दोन ध्वनी वेगळे आहेत आणि त्यांना वेगळी चिन्हे आहेत. बाजाराला तेथे ‘पिऑच’ म्हणतात, गल्लीला ‘उत्चॉ’. या दोन्ही शब्दांतला च चाकातला. दालनाला ‘चॉर्नोक’ म्हणतात. तो च चारमधला. हिंदी भाषकाला जे शिकावे लागते ते मराठी मुलाला आजीच्या मांडीवरच मिळालेले असते.

दुसरे दार ऱ्हस्व-दीर्घाचे. हंगेरियन लिपीत स्वरांच्या डोक्यावर तिरक्या रेघा दिसतात. त्या आघात दाखवत नाहीत, स्वर दीर्घ आहे एवढेच सांगतात. आघात तर प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर ठरलेला. शाळेत ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील भेदासाठी गुण गमावलेल्या विद्यार्थ्याला दीर्घ स्वराचे महत्त्व निराळे समजावून सांगावे लागत नाही. केवळ दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्या लागतात. इंग्रजीत जे अक्षर ‘स’ साठी वापरतात ते एकटे आले की तेथे ‘श’ वाचायचे आणि त्याला ‘झेड’ जोडून आले की ‘स’. म्हणूनच ते गाव बुडापेस्ट म्हणून लिहिले तरी तेथील माणसाच्या तोंडी ते ‘बुदॉपेश्त’ असते. नवे म्हणावेत असे स्वर दोनच: ओठ गोल करून म्हटलेला ‘ए’ आणि ओठ गोल करून म्हटलेली ‘ई’. देवनागरीत त्यांना अचूक अक्षर नाही. येथे ते ‘यो’ आणि ‘यू’ असे लिहिले आहेत.

एक शहर डोंगराचे, एक नदीचे

बुडापेस्ट हे शहर १८७३ साली बुडा, ओबुडा आणि पेश्त ही तीन गावे एकत्र करून झाले. मध्ये डॅन्यूब नदी, जिला तेथे ‘दुनॉ’ म्हणतात. पश्चिम तीरावरील बुडा टेकड्यांचे, किल्ल्याचे, चढ-उताराचे. पूर्व तीरावरील पेश्त सपाट, बाजारपेठेचे, वखारींचे. सातारा आणि सांगली ही दोन्ही गावे पाहिलेल्याला हे चित्र चटकन कळेल. साताऱ्यात दिशा अजिंक्यताऱ्यावरून ठरते: राजपथ वरचा रस्ता, कर्मवीर पथ खालचा रस्ता. सांगलीत दिशा कृष्णेवरून ठरते: पुलाच्या अलीकडे, पुलाच्या पलीकडे. बुडामध्ये साताऱ्याचे शब्द लागतात, पेश्तमध्ये सांगलीचे.

किल्ल्याला हंगेरियनमध्ये ‘वार’ म्हणतात. शनिवार, मंगळवार, शुक्रवार अशी वारांची नावे धारण करणाऱ्या पेठा ज्या गावात किल्ल्याच्या पायथ्याशी वसल्या आहेत, त्या गावच्या मुलाला हा शब्द विसरता येणार नाही. या ‘वार’पासूनच ‘वारोश’ म्हणजे शहर हा शब्द झाला. त्याचा मूळ अर्थ ‘किल्ला असलेले ठिकाण’. साताऱ्याला ही व्याख्या तंतोतंत लागू पडते. ‘बेल’ म्हणजे आतील. म्हणून ‘बेलवारोश’ म्हणजे शहराचा जुना, आतला भाग, सांगलीत ज्याला गावभाग म्हणतात तसा.

चौकाला ‘तेर’ म्हणतात. धाराशिवजवळचे तेर, प्राचीन काळी तगर या नावाने दूरदेशीच्या व्यापाऱ्यांना परिचित असलेले नगर, ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा शब्द पाठ करावा लागत नाही. मोठा रस्ता म्हणजे ‘ऊत’. याच शब्दाचा दुसरा अर्थ प्रवास. शहराभोवती फिरणारा वर्तुळाकार रस्ता ‘क्योरूत’. घर म्हणजे ‘हाज’, आणि त्यापासून जोडशब्द मराठीप्रमाणेच होतात: रुग्ण आणि आलय मिळून जसे रुग्णालय, तसे ‘कोर’ म्हणजे रोग आणि ‘हाज’ म्हणजे घर मिळून ‘कोरहाज’. हा शब्द निघण्यापूर्वी पाठ असावा. त्याची गरज सांगून येत नाही.

सेतू, बाजार आणि जकात

पुलाला हंगेरियनमध्ये ‘हीद’ म्हणतात. हा शब्द हंगेरियन लोकांच्या पूर्वजांनी गवताळ प्रदेशात राहणाऱ्या इराणी कुळातील अलन लोकांकडून घेतला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्या इराणी शब्दाचे संस्कृतमधील भावंड म्हणजे ‘सेतु’. मराठीत सेतू, हंगेरियनमध्ये हीद: दोन टोकांना दोन रूपे, मूळ एक.

व्यापारी वाचकाचे लक्ष वेधून घेतील असे आणखी काही शब्द याच इराणी वाटेने गेले आहेत. जत्रेच्या किंवा मोठ्या बाजाराला तेथे ‘वाशार’ म्हणतात. फारसीतून मराठीत आलेला ‘बाजार’ आणि हा ‘वाशार’ एकाच घरचे. हजाराला तेथे ‘एजेर’ म्हणतात. तोही आपल्या ‘हजार’चा सख्खा भाऊ. शंभराला ‘साज’ म्हणतात आणि त्याच्यामागे ‘शत’ उभे आहे. सोन्याला ‘ऑरॉन्य’ म्हणतात. संस्कृतमधील ‘हिरण्य’ त्याच्या नात्यातले. जकातीला ‘वाम’ म्हणतात, आणि हा शब्दही इराणी वळणाचा. बाजार, हजार, शंभर, सोने, जकात: व्यापाऱ्याच्या वहीतील शब्द माणसांच्या पुढे धावले आणि दोन दूरच्या भाषांत मुक्कामाला राहिले.

यांतील दोन शब्द बुडापेस्टच्या एकाच चौकात शेजारी राहतात. नदीकाठच्या त्या चौकाचे नाव ‘फ्योवाम तेर’. ‘फ्यो’ म्हणजे मुख्य, ‘वाम’ म्हणजे जकात, ‘तेर’ म्हणजे चौक. मराठीत सांगायचे तर ‘मोठा जकात नाका’. साताऱ्यात पोवई नाका आणि बुधवार नाका ही नावे आजही रोजच्या बोलण्यात आहेत, आणि ‘नाका’ या शब्दाला वाटेवर कर घेण्याची जागा हा जुना अर्थ आहे, तसाच हा प्रकार. या चौकातील जुन्या जकातघराच्या भव्य इमारतीत आता अर्थशास्त्र आणि व्यवस्थापन शिकविणारे कोर्विनुस विद्यापीठ आहे. त्याच्या जवळच १८९७ साली उघडलेले मोठे बाजारगृह आहे: ‘नॉद्य-वाशार-चॉर्नोक’. ‘नॉद्य’ म्हणजे मोठे, ‘वाशार’ म्हणजे बाजार, ‘चॉर्नोक’ म्हणजे दालन. नाव लांबलचक दिसते, पण तुकडे पाडले की ‘मोठे बाजारगृह’ एवढेच उरते. हंगेरियनमधील लांब शब्दांना भिण्याचे कारण नाही; मराठी समासाप्रमाणे ते फोडता येतात.

याच नदीवर थोड्या अंतरावर १८४९ साली खुला झालेला साखळी पूल आहे, ‘लान्च-हीद’. या पुलावरून जाताना उमराव आणि सामान्य या दोघांनाही पथकर द्यावा लागे. तोवर तेथील उमराव अशा करांतून मुक्त असत. म्हणून हा पूल हंगेरीच्या इतिहासात समतेचाही टप्पा मानला जातो. १९४५ च्या जानेवारीत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो उडवून दिला आणि १९४९ मध्ये, शंभर वर्षांनी, तो पुन्हा उभा राहिला.

पुलावर, पुलावरून, पुलाकडे

आता दिशा. उजवीकडे म्हणजे ‘योब्ब्रॉ’, डावीकडे म्हणजे ‘बॉल्रॉ’, सरळ म्हणजे ‘एद्येनेशेन’. ‘योब्ब’ या शब्दाला दुसरा अर्थ आहे: अधिक चांगला. मराठीतही एखादा माल दुसऱ्यापेक्षा ‘उजवा’ ठरतो आणि कोणी ‘डावे-उजवे’ करू नये असे वडील सांगतात. हंगेरियनमध्येही दुर्दैवासाठीचा शब्द ‘डाव्या’पासून बनतो. कोणतीही परकी भाषा शिकताना असा समान विचार सापडला की शब्द आपोआप मुरतो.

खरी देणगी मात्र प्रत्ययांची आहे. इंग्रजीत स्थळ सांगणारा छोटा शब्द नामाच्या आधी येतो. मराठीत तो नामाच्या मागे, त्याला चिकटून येतो. घर, घरात, घरातून. हंगेरियनमध्ये अगदी असेच. घर म्हणजे ‘हाज’. घरात म्हणजे ‘हाजबॉन’. घरातून म्हणजे ‘हाजबोल’. सांगलीच्या मुलाने १९२९ सालापासून कृष्णेवर उभ्या असलेल्या आयर्विन पुलाचे स्मरण करून पुढील रूपे एकदा मोठ्याने म्हणावीत:

पुलावर – हीदोन
पुलावरून – हीद्रोल
पुलापाशी – हीदनाल
पुलाकडे – हीदहोज
पुलापासून – हीदतोल

व्याकरणाच्या पुस्तकात हे भलेमोठे कोष्टक दिसते आणि विद्यार्थी घाबरतो. परंतु पुलावर असणे, पुलावरून येणे, पुलाकडे जाणे या तीन गोष्टी वेगळ्या आहेत हे मराठी माणसाला कोणी शिकवलेले नसते. तो तसाच विचार करतो. इथे, इकडे, इथून आणि तिथे, तिकडे, तिथून या मराठी त्रिकुटांना हंगेरियनमध्ये ‘इत्त, इदे, इन्नेन’ आणि ‘ओत्त, ओदॉ, ओन्नॉन’ अशी नेमकी जोड आहे. कुठे, कुठे-शी, कुठून यांसाठीही ‘होल, होवा, होन्नॉन’ असे तीन शब्द आहेत.

दोन सावधगिरीच्या सूचना. पहिली, प्रत्ययाचा स्वर शब्दाच्या स्वराशी जुळवून घ्यावा लागतो. ‘हाज’ मध्ये ‘आ’ आहे म्हणून ‘हाजबॉन’. बागेला ‘केर्त’ म्हणतात, त्यात ‘ए’ आहे म्हणून ‘केर्तबेन’. दुसरी, ‘आत’ आणि ‘वर’ यांची वाटणी प्रत्येक भाषेची स्वतःची असते. मराठीत माणूस चौकात उभा असतो आणि नाक्यावर भेटतो. हंगेरियनमध्ये तो चौका‘वर’ उभा असतो: ‘तेरेन’. त्याहून मौजेची गोष्ट म्हणजे तेथील माणूस बुडापेस्ट‘वर’ राहतो, सेगेद‘वर’ राहतो, पण लंडन‘मध्ये’ राहतो. आपल्या देशातील बहुतेक शहरांना ‘वर’ आणि परदेशातील शहरांना ‘आत’ असा साधारण संकेत आहे. त्या नियमाने तेथे गेलेली मुलगी आपले गाव सांगताना ‘सांगलीबॉन’ म्हणेल. पत्त्याचीही एक खूण: तेथे आडनाव आधी आणि नाव नंतर, शाळेच्या हजेरीपटावर असते तसे, आणि पत्त्यात रस्त्याचे नाव आधी, घराचा क्रमांक नंतर.

विचारण्याची रीत

शब्द हाती आले की विचारायचे कसे? सुरुवात ‘बोचानॉत’ या शब्दाने करावी. व्यवहारात त्याचा अर्थ ‘माफ करा’ इतकाच. पण तो ज्या क्रियापदापासून झाला त्याचा अर्थ ‘सोडून देणे, मुक्त करणे’ असा आहे. वाटेवर कोणाला थांबवायचे, त्याचा वेळ घ्यायचा, तर आधी क्षमा मागायची. ज्या घरांत दरवर्षी पर्युषणानंतर लहानमोठे सारे एकमेकांची क्षमा मागतात, त्या घरांतील मुलांच्या तोंडी हा शब्द शोभून दिसेल.

त्यानंतरचा प्रश्न: ‘होल वॉन ऑ पिऑच?’ म्हणजे ‘बाजार कुठे आहे?’ उत्तर असे येऊ शकेल: ‘मेन्येन एद्येनेशेन, ऑ माशोदिक उत्चॉ बॉल्रॉ.’ सरळ जावे, दुसरी गल्ली डावीकडे. ‘मेन्येन’ हे आदरार्थी रूप आहे, मराठीतल्या ‘जावे’ सारखे. ऐकल्यावर लगेच निघू नये. उत्तरातील दोन मुख्य शब्द, ‘माशोदिक’ आणि ‘बॉल्रॉ’, स्वतः परत उच्चारावेत. सौदा पक्का करताना भाव दोन्ही बाजूंनी म्हणून घेतात, तसेच हे. सांगणारा मान हलवील किंवा चूक दुरुस्त करील. शेवटी ‘क्योस्योन्योम’, म्हणजे धन्यवाद. पाट्यांवरील चार शब्द डोळ्यांना ओळखीचे असावेत: ‘बेयारॉत’ प्रवेश, ‘कियारॉत’ बाहेर जाण्याचा मार्ग, ‘न्यित्वॉ’ उघडे, ‘जारवॉ’ बंद. ट्रामला ‘विल्लॉमोश’ म्हणतात. ‘विल्लाम’ म्हणजे आकाशातील वीज, म्हणून ही विजेची गाडी. थांब्याला ‘मेगाल्लो’.

बाजार सापडल्यावर दुसरा प्रश्न उभा राहतो आणि या मासिकाच्या वाचकांना तो मोठा वाटेल. भाजीला ‘ज्योल्दशेग’ म्हणतात, शब्दशः ‘हिरवेपणा’. ‘नेल्क्यूल’ म्हणजे शिवाय. ‘हूश नेल्क्यूल’ मांसाशिवाय, ‘तोयाश नेल्क्यूल’ अंड्याशिवाय, ‘हॉद्यमॉ नेल्क्यूल’ कांद्याशिवाय. आणखी एक शब्द पाठ हवा, कारण तो पदार्थात दिसत नाही: ‘झीर’, म्हणजे प्राण्याची चरबी. जुन्या हंगेरियन स्वयंपाकात ती पुष्कळ वापरली जाते; म्हणून वरून शाकाहारी दिसणाऱ्या भाजीविषयीही ‘झीर नेल्क्यूल?’ असे विचारून घ्यावे. येथेही शब्द मराठीप्रमाणेच मागून येतो. नियम पाळणे हे केवळ इच्छेवर अवलंबून नसते. परक्या गावात ते अचूक शब्दावरही अवलंबून असते.

नाव म्हणजे वहीतील नोंद

ठिकाणांची नावे पाठ करताना त्यांचा अर्थ विचारण्याची सवय लावावी. दक्षिण हंगेरीतील सेगेद हे शहर तिसॉ नदीच्या काठी आहे. तेथील लाल तिखट प्रसिद्ध आहे, जशी सांगलीची हळद, जिला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सेगेदच्या तिखटाला ‘सेगेदी पॉप्रिकॉ’ म्हणतात. गावाच्या नावाला ‘ई’ जोडून विशेषण करण्याची ही रीत ‘कोल्हापुरी’ आणि ‘सोलापुरी’ म्हणणाऱ्याला वेगळी शिकवावी लागत नाही. तेथील विद्यापीठात काम करणारे आल्बेर्त सेंट-ज्यॉर्जी यांनी याच मिरचीतून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर वेगळे केले. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

१८७९ च्या मार्चमध्ये तिसॉ नदीला महापूर आला आणि सेगेदचा बहुतेक भाग वाहून गेला. २००५ आणि २०१९ ची कृष्णा ज्यांच्या दुकानांत शिरली, हरिपूरच्या हळदीच्या पेवांचे हाल ज्यांनी पाहिले, त्यांना ते वाक्य वाचून पुढे जाता येणार नाही. शहर पुन्हा वसवण्यासाठी बाहेरच्या शहरांतून मदत आली. नवे सेगेद आखताना गावाभोवती जो मोठा वर्तुळाकार रस्ता काढला, त्याच्या तुकड्यांना मदतीचे स्मरण म्हणून त्या शहरांची नावे दिली: रोमी, ब्रसेल्सी, पॅरिसी, लंडनी, बर्लिनी, व्हिएन्नी, मॉस्कोवी क्योरूत. तेथे वाट विचारणारा नकळत त्या उपकाराचा उच्चार करतो. व्यापारी वहीत देणे आणि येणे लिहितो. या गावाने आपले देणे रस्त्यावर लिहून ठेवले आहे.

साताऱ्यातील कर्मवीर पथ हीदेखील अशीच नोंद. कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्यात आणले. खेड्यातून प्रथमच शहरात आलेल्या, गल्ल्यांची नावेही ठाऊक नसलेल्या मुलांना त्यांनी वसतिगृहात आसरा दिला. आज परदेशी निघालेली मुलगी त्या मुलांहून फार वेगळी नाही. तिचा कागद मोठा असेल, पण पहिल्या दिवशी तिलाही हाच प्रश्न पडतो: इथून कोणीकडे?

फोन आहे, मग शब्द कशाला?

फोन वाट दाखवतो हे खरे. पण तो माणूस दाखवत नाही. विचारणाऱ्याची दुकानदाराशी ओळख होते, शेजारीण नाव लक्षात ठेवते, आजारपणात दार ठोठावायला एक घर मिळते. फोनमागे चालणारा दोन वर्षांनंतरही त्या गावात पाहुणाच राहतो. व्यापारी घराण्यांना हे नव्याने सांगायला नको. सांगलीच्या बाजारात सीमेपलीकडून माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याशी कन्नडमध्ये बोलणाऱ्या अडत्याने ती भाषा पदवीसाठी घेतली नव्हती. समोरच्याला परके वाटू नये यासाठी घेतली होती. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. तेथे माल घेऊन येणारे विक्रेते कामापुरती पोलिश बोलू लागले, असे त्या निर्वासितांच्या आठवणींत येते. पुस्तक नाही, वर्ग नाही. गरज आणि कान एवढेच भांडवल.

ज्या घरातून मूल हंगेरीला निघणार असेल त्या घराने निघण्यापूर्वीचे पंधरा दिवस या अभ्यासाला द्यावेत. पोवई नाक्याहून राजवाड्याकडे जाताना प्रत्येक वळणावर ‘योब्ब्रॉ’ की ‘बॉल्रॉ’ हे मोठ्याने म्हणावे. आयर्विन पुलावर ‘हीदोन’, पूल मागे पडल्यावर ‘हीद्रोल’ म्हणावे. घराच्या दाराला आतून ‘कियारॉत’ आणि बाहेरून ‘बेयारॉत’ अशा चिठ्ठ्या लावाव्यात. मुलासोबत आजोबांनीही म्हणावे; ज्या गावात नात राहणार तेथील चौकाला काय म्हणतात हे ठाऊक असले की फोनवरचे तिचे बोलणे नीट समजते, आणि दूर गेलेले मूल थोडे जवळ येते. चाळीस शब्द पुरेसे आहेत. चुका होतील, त्या गावातील माणसे हसतील, आणि हसतच वाट सांगतील.

वाट विचारत हिंडण्याचे हे काम हंगेरियन माणसानेही केले आहे. अलेक्झांडर चोमा द क्योरोश १८१९ साली आपल्या लोकांचे मूळ शोधण्यासाठी पूर्वेकडे निघाला. प्रवासाचा बराच भाग पायी करीत, भाषेमागून भाषा शिकत तो लडाखपर्यंत पोहोचला. मूळ काही सापडले नाही. पण १८३४ मध्ये त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला आणि १८४२ मध्ये दार्जिलिंगला त्याने देह ठेवला.

त्याच्या भाषेत शोधण्याला ‘केरेश’ म्हणतात. याच क्रियापदाचा दुसरा अर्थ कमावणे असा आहे, आणि व्यापाऱ्यासाठी असलेला ‘केरेश्केद्यो’ हा शब्दही त्यापासूनच झाला आहे. फ्योवाम तेरवर उभी राहून सांगलीची एखादी मुलगी जेव्हा ‘ऑ पिऑचोत केरेशेम’, म्हणजे ‘मी बाजार शोधते आहे’ असे म्हणेल, तेव्हा तिच्या घराण्याचा जुना उद्योगच तिच्या तोंडी त्या भाषेत येईल.